भाड्याने गाडी घेताना आधी दिवस मोजा, मग रेट बोला

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहता, घरात सहा माणसं, तुम्ही नवरा-बायको, शाळेतली दोन मुलं, वडील ७६ आणि आई ७१. २६ जानेवारी सोमवारी आलाय म्हणून शुक्रवारी रात्री दहाला निघून गणपतीपुळ्याला जायचं आणि सोमवारी रात्री दहा-अकरापर्यंत घरी यायचं असा बेत आहे. हातात चार भाव आहेत. एक खारघरचा ट्रॅव्हल्सवाला, एर्टिगा १३ रुपये किलोमीटर, रोजचे कमीत कमी ३०० किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता ५००, रात्री गाडी चालवली तर ३०० वेगळे. दुसरा घोडबंदर रोडचाच, एर्टिगा १५ रुपये, रोजचे २५०, भत्ता ४०० आणि रात्रीचं त्यातच. तिसरा ओळखीतला, त्याची स्वतःची पांढऱ्या प्लेटची गाडी, सगळं मिळून ११,००० म्हणतोय. आणि चौथी सेल्फ-ड्राइव्ह, सात सीटर, दिवसाला ३,२००. तुमचा प्रश्न असा की १३ वाल्याला अजून खाली कसा आणू आणि यातलं कुठलं घेऊ.

आमचा ठाण्यात छोटा टुर्स अँड ट्रॅव्हल्सचा धंदा आहे, गाड्या आणि ड्रायव्हर मिस्टर बघतात, फोन, बुकिंग, ड्युटी स्लिपा आणि बिलं मी बघते, त्यामुळे भाडं नेमकं कुठे वाढतं हे मला रोज कागदावर दिसतं. आणि दिसतं ते असं, की दहातले नऊ लोक फोनवर फक्त एकच गोष्ट विचारतात, "पर किलोमीटर काय घेता?" तिथेच गाडी चुकते. आउटस्टेशनच्या भाड्यात रेट हा सगळ्यात छोटा भाग असतो, खरे पैसे दिवसांत असतात. किती कॅलेंडर दिवस धरले आणि दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरले, हे दोन आकडे कळले की भाडं कळलं.

आता तुमचाच हिशोब मांडून दाखवते. कासारवडवली ते गणपतीपुळे साधारण ३५० किलोमीटर, जाऊन येऊन ७००, आणि तिथे फिरणं म्हणजे आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, मालगुंड, जमलं तर जयगड, हे धरून शंभरेक. म्हणजे गाडी खरी फिरणार ८०० किलोमीटर. पण तुम्ही शुक्रवारी रात्री दहाला निघताय. आमच्या धंद्यात दिवस रात्री बाराला संपतो, चोवीस तासांनी नाही. शुक्रवारचे ते दोन तास म्हणजे एक अख्खा दिवस. शुक्र, शनि, रवि, सोम, झाले चार दिवस. १३ वाल्याचे चार गुणिले ३००, म्हणजे १,२०० किलोमीटर लागणार, त्याचे १५,६००, भत्ता २,०००, रात्रीचे ३००, एकूण १७,९००. तुम्ही ४०० किलोमीटरचे पैसे न फिरता देताय. १५ वाल्याचे चार गुणिले २५०, म्हणजे १,००० किलोमीटर, १५,००० आणि भत्ता १,६००, एकूण १६,६००. बघा, किलोमीटरला दोन रुपये महाग असलेला माणूस तुमच्या बेताला १,३०० रुपयांनी स्वस्त पडतोय. टोल, पार्किंग दोघांचंही वेगळं.

आता तोच बेत थोडा सरकवा. शुक्रवारी रात्री झोपा आणि शनिवारी पहाटे पाचला निघा. सोमवारी सकाळी नाश्ता करून दहाच्या आत तिथून निघा. दिवस झाले तीन. १३ वाल्याचे ९०० किलोमीटर, ११,७०० अधिक भत्ता १,५००, एकूण १३,२००. १५ वाल्याचे तीन गुणिले २५० म्हणजे ७५०, पण तुम्ही खरे ८०० फिरणार त्यामुळे खरे लागतील, १२,००० अधिक भत्ता १,२००, एकूण १३,२००. दोघं बरोबरीत आले. १३ वाल्याशी अर्धा तास घासाघीस करून तुम्ही रुपया पाडून घेतला असता तर चार दिवसांचे १,२०० वाचले असते, निघायची वेळ बदलून ४,७०० वाचतायत आणि त्यासाठी कोणाचं मन मोडावं लागत नाही.

लोक मला म्हणतात, ताई, रात्री निघालं की एक दिवस वाचतो. कसला वाचतो? रात्री दहाला निघालात तर सकाळी सात-आठला पोचाल, हॉटेलची खोली दुपारी बारा-एकच्या आत मिळत नाही, म्हणजे आई-वडिलांना घेऊन पाच तास रिसेप्शनच्या खुर्चीवर नाहीतर लवकर चेक-इनचे वेगळे पैसे. पहाटे पाचला निघालात, पेण-माणगावच्या पट्ट्यात कुठेतरी चहा-नाश्ता, कशेडीचा बोगदा, पुढे चिपळूणच्या आसपास जेवण, निवळी फाट्याला वळून दुपारी दोन-तीनपर्यंत पोचलात की खोली तयार. संध्याकाळ समुद्रावर. एक लक्षात ठेवा, पिवळ्या प्लेटच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीला ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर असतो, त्यामुळे मित्र त्याच्या गाडीने सहा तासांत गेला असेल ते धरू नका, थांबे धरून नऊ-दहा तासांचा दिवस समजा.

परतीचं तर याहून महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय सोमवारी रात्री दहा-अकरा. लाँग वीकेंडचा सोमवार, सगळं कोकण एकाच वेळी मुंबईकडे निघालेलं, माणगावच्या बाजारपेठेत एकदा अडकलात की दीड-दोन तास कसे गेले कळत नाही, पुढे वडखळ, पनवेल आहेच. साडेबाराला घरी पोचलात तर मंगळवार लागला. १३ वाल्याच्या हिशोबाने ३०० किलोमीटरचे ३,९०० आणि भत्ता ५००, म्हणजे अर्ध्या तासाचे ४,४०० रुपये. यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, पार्टी म्हणते ट्रॅफिक होता त्यात आमची काय चूक, आणि ट्रॅव्हल्सवाला म्हणतो नियम आधी सांगितला होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्यामुळे बुकिंग करतानाच विचारून ठेवा की शेवटच्या दिवशी बाराच्या पुढे गेलो तर किती सूट. बरेच जण एक-दोन तास धरत नाहीत किंवा फक्त रात्रीचा चार्ज घेतात. पण ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलेलं असलं तर.

हे ३०० किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज लोकांना लुबाडणं वाटतं म्हणून सांगते. गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, परमिट, ड्रायव्हरचा पगार हे रोज चालू असतं. तुमच्यासाठी ती गाडी गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये रविवारी दिवसभर उभी असते तेव्हा ती दुसरीकडे कमवत नसते, त्या उभ्या दिवसाचे पैसे असे किलोमीटरच्या रूपात निघतात. हे एकदा समजलं की बोलायचं कशावर तेही समजतं. "रेट कमी करा" म्हणण्यापेक्षा असं म्हणा, "रविवारी आम्ही गाडी हलवणार नाही किंवा फार तर रत्नागिरीपर्यंत, त्या दिवसाचा हॉल्ट चार्ज धरा, ३०० धरू नका." ऑफ सीझनला आम्ही स्वतः हे करतो, कारण गाडी घरी उभी राहण्यापेक्षा ते बरं. २६ जानेवारीच्या वीकेंडला कोणी करणार नाही, कारण त्याच गाडीला चार फोन येत असतात. तुमच्या तारखा हलत असतील तर पुढच्या आठवड्यात, त्यातही रविवार ते मंगळवार असं जा. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पण समोरचा माणूस बोलायला तयार असतो. मुलांच्या शाळेमुळे जमणार नाही हेही कळतं मला, म्हणून हे तुमच्यावर सोडते.

आता खारघर आणि घोडबंदरचा फरक. बहुतेकांचं मीटर गॅरेज टू गॅरेज असतं, म्हणजे गाडी त्यांच्या जागेवरून निघाली की ओपनिंग आणि परत तिथे पोचली की क्लोजिंग. खारघरहून कासारवडवली तीस-पस्तीस किलोमीटर, येऊन जाऊन सत्तरेक. तुमच्या तीन दिवसांच्या बेतात हे सत्तर धरूनही ८७० होतात, ९०० च्या आत, म्हणून पैसे वाढत नाहीत. पण थोडं जास्त फिरलात, रत्नागिरीपुढच्या पावस गावाला जाऊन आलात, तर ते सत्तर तुमच्या डोक्यावर. शिवाय तुम्हाला पाचला दारात गाडी हवी तर ती खारघरहून चारला निघणार, मग रात्रीचा चार्ज लागला तर नवल नाही. आणि सोमवारी तुम्हाला अकराला सोडलं तर ड्रायव्हर बाराच्या आत खारघरला पोचेल की नाही ही टांगती तलवार. म्हणून भाव बरोबरीत असतील तर गाडी घराजवळची घ्या. खारघर, पनवेलच्या लोकांनी याच्या उलट करावं, ठाण्याहून गाडी मागवू नये, तुम्ही कोकणाच्या वाटेवरच बसलाय.

सेल्फ-ड्राइव्हबद्दल. इथे दिवस चोवीस तासांचा असतो, त्यामुळे रात्री निघालात तरी जास्तीचा दिवस लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण ३,२०० गुणिले तीन म्हणजे ९,६०० आणि पेट्रोल तुमचं. सहा माणसं, सामान, एसी, घाट, एवढं असल्यावर गाडी लिटरला पंधरा-सोळा देईल, ८०० किलोमीटरला पन्नास लिटर, पेट्रोल शंभरच्या वर, म्हणजे पाच हजार आणि वर थोडे. झाले १४,६०० च्या पुढे, ड्रायव्हरसकट गाडी १३,२०० ला मिळत असताना. वर डिपॉझिट अडकलेलं, आणि दहा तास तुम्ही एकट्याने स्टेअरिंगवर. तुम्ही चौघं असता, छोटी हॅचबॅक चालली असती, गाडी चालवणारे दोघं असते तर मी म्हटलं असतं की घ्या. तुमच्या घरात सेल्फ-ड्राइव्हची आणखी एक जमेची बाजू एवढीच की ड्रायव्हरची सीट वाचते.

तरी घेतलीतच तर गाडी ताब्यात घेताना उजेडात व्हिडिओ काढा, चारी बाजू, बंपरच्या खालची कड, चाकांच्या रिम, काच, आतली सीट, आणि डॅशबोर्डवर किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा एकाच फ्रेममध्ये. परत देतानाही तसाच. डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक बंपरच्या खालच्या ओरखड्यावरून आणि पेट्रोलच्या एका कांडीवरून. ई-चलान मागाहून येतं तेही तुमच्याच माथी, एक्स्प्रेसवेवरून जाणार असाल तर कॅमेरे सगळीकडे आहेत, सपाट रस्त्याला १०० ची मर्यादा पाळा. आणि सेल्फ-ड्राइव्हच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, हे बघून घ्या.

यावरूनच तिसऱ्या भावावर येते आणि इथे मी स्पष्ट बोलणार. ११,००० ची पांढऱ्या प्लेटची गाडी घेऊ नका. पांढरी प्लेट काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने चालवायला परवानगी नाही. पिवळी प्लेट काळी अक्षरं म्हणजे टी परमिटची, भाड्याने चालवायला परवानगी असलेली, इलेक्ट्रिक असेल तर हिरवी प्लेट आणि अक्षरं पिवळी. पोलिसांनी अडवलं, दंड झाला, तो एक भाग सोडून द्या, तो ओळखीतला म्हणेल मी भरतो. मुद्दा इन्शुरन्सचा आहे. खाजगी गाडीची पॉलिसी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नसतेच, काही बरंवाईट झालं आणि पैसे देऊन बसला होतात हे पुढे आलं की कंपनी क्लेमला हात वर करू शकते. घरातली सहाच्या सहा माणसं एका गाडीत बसवून तुम्ही कशेडीतून जाणार आहात. २,२०० रुपयांसाठी हे करू नका, मनापासून सांगते. आम्हाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून हे बोलत नाहीये, तुम्ही कुठल्याही पिवळ्या प्लेटवाल्याकडे जा, पण तिकडेच जा. गाडीचा नंबर आधी मागा आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, गाडी कुठल्या क्लासमध्ये रजिस्टर आहे, इन्शुरन्स, फिटनेस आणि पीयूसी कधीपर्यंत आहे हे दोन मिनिटांत दिसतं.

काहीजण सुचवतील की ड्रॉप घ्या, गाडी थांबवून ठेवू नका. याचाही हिशोब करा. ड्रॉपला गाडी रिकामी परत येते त्यामुळे अप-डाऊन दोन्हीचे पैसे लागतात, जाताना ७००, आणायला येताना परत ७००, एकूण १,४०० किलोमीटर. रोजच्या ३०० ने गाडी ठेवून घेतली तर चार दिवसांचे १,२००, पाच दिवसांचे १,५००. म्हणजे चार दिवसांपर्यंत गाडी ठेवून घेणंच स्वस्त, पाचव्या दिवसापासून ड्रॉप परवडायला लागतो. गावी आठ-दहा दिवस राहायला जाणाऱ्यांनी मात्र गाडी अंगणात उभी करून ठेवू नये, ड्रॉपच घ्यावा. परतीच्या रिकाम्या गाड्यांचा भाव कधीकधी फार चांगला मिळतो, रत्नागिरीकडच्या एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याची गाडी पार्टी सोडून ठाण्याहून रिकामी परत चाललेली असते. पण त्यावर आई-वडिलांचा प्रवास बेतू नका, ती मिळाली तर मिळाली.

जवळच्या ठिकाणांना तर हे ३०० फारच टोचतं. लोणावळा जाऊन येऊन दीडशेच्या आसपास, पण दोन दिवस गाडी ठेवली की ६०० चं बिल. तिथे जाताना ड्रॉप आणि येताना ट्रेन-बस, किंवा तिथलीच रिक्षा-टॅक्सी फिरायला, हे केव्हाही बरं.

ट्रेनने रत्नागिरी आणि तिथून स्थानिक गाडी, हा मला स्वतःला आवडणारा मार्ग आहे. रत्नागिरीहून गणपतीपुळे आरे-वारेमार्गे पंचवीसेक किलोमीटर. मडगावची वंदे भारत ठाण्याला थांबते आणि रत्नागिरीलाही, बाकीच्या कोकणच्या गाड्या आहेतच. तुमच्या वडिलांना दहा तास गुडघे दुमडून बसवण्यापेक्षा ट्रेनमध्ये उठून चार पावलं चालता येतात. पण रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि लाँग वीकेंडची तिकिटं पहिल्या दिवशीच जातात, त्यामुळे या खेपेला तुमच्या हातात वेटिंगच येईल. मे महिन्यासाठी जरूर लक्षात ठेवा. एसटीत ७५ वरच्यांना प्रवास मोफत आहे आणि बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे वडील फुकट आणि आई आणि वहिनी अर्ध्यात, पैशाने याच्याखाली काहीच जाणार नाही, पण ७६ वर्षांच्या माणसाला रात्रभर एसटीत बसवायचं की नाही हे त्यांची तब्येत बघून तुम्हीच ठरवा.

एवढ्यात काय ठरलं ते एकदा बघू. पांढरी प्लेट बाद, सेल्फ-ड्राइव्ह तुमच्या घराला महाग, शनिवारी पहाटे ते सोमवारी संध्याकाळ असे तीन दिवस, गाडी घोडबंदरची. आता त्याच्याशी काय बोलायचं ते.

पहिलं, एर्टिगात ड्रायव्हर धरून सात माणसं म्हणजे सगळ्या सीटा भरल्या. मागची सीट उघडी असताना डिकीत दोन छोट्या बॅगा मावतात, आणि गाडी सीएनजी असेल तर तिथे टाकी असते, तेवढंही नाही. म्हणून वर कॅरियर आहे का आणि ताडपत्री आहे का हे आधीच विचारा, नाहीतर पहाटे पाचला बिल्डिंगखाली बॅगा मांडीवर घेऊन बसायची वेळ येते आणि मग ऐनवेळी लोक इनोव्हा मागतात. इनोव्हा क्रिस्टा किलोमीटरला वीसच्या आसपास धरा, ९०० किलोमीटरचे १८,०००, भत्ता वेगळा. आई-वडिलांना मधल्या रांगेत बसवून मुलं मागे बसणार असतील तर एर्टिगा पुरते. वडिलांचे गुडघे खरंच दुखत असतील तर त्यांना पुढची सीट द्या, इनोव्हाचे जास्तीचे पैसे तेव्हाही लागत नाहीत.

दुसरं, गाडी सीएनजी आहे का विचारा. असेल तर रुपया-आठ आणे मागायला तुम्हाला जागा आहे. सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास आणि एर्टिगा किलोला वीसच्या पुढे जाते, म्हणजे आम्हाला किलोमीटरला चार रुपये पडतात, पेट्रोलवर सहा-सात. हे मी उघड सांगतेय म्हणून धंद्यातले लोक मला नावं ठेवतील, पण गिऱ्हाईकाला माहीत असावं. बदल्यात पंपावरची रांग तुमच्या वेळेतून जाणार, म्हणून आदल्या संध्याकाळी ठाण्यातच टाकी फुल करून ठेवायला सांगा.

तिसरं, रस्ता. सरळ पनवेलहून मुंबई-गोवा हायवेने, हे बुकिंगलाच ठरवा. ड्रायव्हर सुचवतात की रस्ता चांगला आहे, पुणे-साताऱ्याने जाऊ आणि घाट उतरू. एक्स्प्रेसवेचा टोलच कारला एका बाजूने ३२०, पुढे खेड-शिवापूर, आनेवाडी, आणि किलोमीटर वाढतात ते वेगळे. टोल बिलात खराखुरा लागायला हवा, अंदाजे हजार-दीड हजार असा नाही. प्रत्येक टोलचा फास्टॅगचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर येतो, त्याचे स्क्रीनशॉट मागा, प्रामाणिक माणूस न कुरकुरता पाठवतो. वार्षिक फास्टॅग पास असलेली गाडी मागावी असं कोणी सुचवलं असेल तर तो पास फक्त खाजगी गाड्यांना असतो, पिवळ्या प्लेटला मिळत नाही.

चौथं, जीएसटी. सांगितलेला भाव जीएसटीसकट की वर? साधारण ५ टक्के लावतात, १३,२०० वर ६६०. छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याचं रजिस्ट्रेशन नसलं तर तो लावू शकत नाही, आणि लावत असेल तर बिलावर जीएसटी नंबर असायलाच हवा.

अ‍ॅडव्हान्स दोन-तीन हजारांच्या वर देऊ नका. इंटरनेटवर एखादा नंबर बाजारभावाच्या निम्म्यात गाडी देतो आणि पूर्ण पैसे आधी मागतो, तिथे फोन ठेवून द्या. ज्याचं ऑफिस किंवा गॅरेज तुम्ही संध्याकाळी जाऊन बघू शकता त्याला अ‍ॅडव्हान्स द्यावा.

एका बाबतीत मात्र पैसे वाचवू नका, ड्रायव्हरच्या झोपेत. भत्ता दिला म्हणजे त्याची सोय झाली असं पार्ट्या समजतात, पण सीझनला गणपतीपुळ्यात त्या ४००-५०० मध्ये खोलीही नाही आणि जेवणही नाही, तो गाडीत सीट मागे करून झोपतो, डासांमध्ये, काचा बंद करून. तोच माणूस सोमवारी तुमच्या मुलांना घेऊन साडेतीनशे किलोमीटर गाडी चालवणार असतो. हॉटेल बुक करताना विचारा की ड्रायव्हरसाठी झोपायला जागा आहे का. कोकणात बऱ्याच घरगुती लॉजिंगवाल्यांकडे डॉर्मिटरी किंवा ओसरीवर पंख्याखाली गादी असते, फुकट नाहीतर शे-दोनशेत. आणि दोन वेळचं जेवण आपल्याबरोबर. शुक्रवारी रात्री निघू नका म्हणते त्यात पैशाइतकंच हेही आहे, कारण शुक्रवारी दिवसभर तो ड्रायव्हर ठाणे-मुंबई लोकल ड्युटी करून आलेला असतो आणि रात्री दहाला तुमच्या दारात उभा राहतो. आम्ही आमच्या ड्रायव्हरला अशी रात्रीची ड्युटी लावत नाही, त्यासाठी बुकिंग गेलं तरी चालेल. तुम्ही कोणाकडूनही गाडी घ्या, आदल्या दिवशी ड्रायव्हरला सुट्टी आहे का एवढं विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज जसाच्या तसा पाठवा: "एर्टिगा, पिवळी प्लेट, कॅरियरसह. शनिवारी पहाटे ५ कासारवडवली ते सोमवारी संध्याकाळ, गणपतीपुळे, मुंबई-गोवा हायवेने. रेट किती, रोजचे किमान किलोमीटर किती, एकूण दिवस किती धरणार, मीटर कुठून सुरू, भत्ता आणि रात्रीचा चार्ज किती आणि किती वाजल्यापासून, सोमवारी बाराच्या पुढे गेलो तर काय, टोल प्रत्यक्ष की अंदाजे, जीएसटी धरून की वेगळा, गाडी बंद पडली तर दुसरी किती वेळात." दोघांनाही पाठवा, खारघरवाल्यालाही. जो सगळ्याची उत्तरं लिहून देतो त्याच्याकडे पाच-सहाशे रुपये जास्त लागले तरी द्या, शेवटी तोच स्वस्त पडतो.

गाडी आली की बसायच्या आधी मीटरचा फोटो आणि ड्युटी स्लिपवर ओपनिंगचा आकडा तोच आहे का बघा. सोमवारी उतरल्यावर सामान काढायच्या गडबडीत लोक क्लोजिंग बघायला विसरतात आणि दुसऱ्या दिवशी बिलावरून फोनाफोनी सुरू होते, म्हणून आधी फोटो, स्लिपवर वेळ आणि किलोमीटर लिहून सही, मग सामान. उरलेले पैसे तेव्हाच्या तेव्हा यूपीआयने मालकाच्या खात्यात टाका आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचं असेल ते वेगळं द्या.

उत्तरं आली की इथेच टाका, मी बिल कसं होईल ते मांडून देते.